सिझर झालेल्या बाईला पाणी कधी द्यायचं?

बाळाचं वजन सांगून होतं, बाहेर पेढे वाटले जातात, आणि मग बाळंतिणीला स्ट्रेचरवरून वॉर्डात आणलं जातं. त्यानंतरच्या तासाभरात एक प्रश्न हमखास उठतो. नागपूरच्या प्रसूती वॉर्डात तो साधारण असा कानावर येतो: "सिस्टर, तिले पाणी देऊ का जी?" उत्तर अजूनही पुष्कळ ठिकाणी ठरलेलं असतं. "गॅस पास झाला का? नाही ना? मग थांबा." पलंगावरची मुलगी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवते आणि आईला म्हणते, "घोटभर तरी दे ना वं माय." आई रुमालाचं टोक ओलं करून तिच्या ओठांना लावते. उशाशी स्टीलच्या डब्यात पेज असते, बाटलीत पाणी असतं, आणि दोन्ही झाकून ठेवलेलं असतं.

हे प्रकरण त्या घोटाबद्दल आहे. विषय लहान वाटेल, पण त्याची व्याप्ती पाहा. 1992-93 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांपैकी जेमतेम तीन सिझेरियनने झालेली होती. 2019-21 च्या पाचव्या पाहणीत हा आकडा 21.5 टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात 25.4 टक्क्यांवर. खासगी रुग्णालयांतलं देशाचं प्रमाण तर 47.4 टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मं. यातली किती सिझर गरजेची होती हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. इथे तो बाजूला ठेवतो. झाली ती झाली. पण महाराष्ट्रातली दर चौथी आई जर शस्त्रक्रियेच्या टेबलावर आई होत असेल, तर तिला शुद्धीत, तहानलेली, भुकेली असताना किती तास कोरडं ठेवायचं, हा लाखो बायकांचा प्रश्न होतो.

नागपूरला त्याचा भार जरा जास्तच जाणवतो. 'मेडिकल', 'मेयो' आणि 'डागा' ही रुग्णालयांची तीन नावं विदर्भात पत्ता म्हणून पुरतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडूनही अडलेल्या बायका इथे आणल्या जातात. अशी बाई घरून निघते तेव्हाच तिच्या पोटात काही नसतं. कळा सुरू झाल्या म्हणून जेवली नाही, प्रवासात मळमळलं म्हणून खाल्लं नाही, पोचल्यावर "कदाचित सिझर लागेल" म्हणून तोंडाला काही लावू दिलं नाही. समजा, तिचं शेवटचं जेवण सोमवारी रात्री आठला झालं. मंगळवारी दुपारी दोनला सिझर झालं. त्यानंतर "उद्या बघू" असं ठरलं, तर बुधवारी सकाळी आठला तिचा उपास छत्तीस तासांचा झालेला असतो. एवढ्या वेळात तिने कळा सोसल्या, रक्त गमावलं आणि बाळाला अंगावर घ्यायला सुरुवातही केली.

ही सक्ती कुठून आली? तिच्यामागे दुष्टपणा नाही, भीती आहे. ती भीती एका काळी अगदी खरी होती.

कर्टिस मेंडेलसन हे न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ. तिथल्या लाइंग-इन रुग्णालयात 1932 ते 1945 या काळात झालेल्या 44,016 गर्भारपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि 1946 मध्ये आपला निबंध छापला. त्या काळी बाळंतपणात भूल म्हणजे बहुधा ईथर किंवा तसाच दुसरा वायू, तोही मुखवट्यातून हुंगवलेला. बाई पूर्ण बेशुद्ध व्हायची. बेशुद्धीत खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते. त्यातच उलटी झाली, तर पोटातलं अन्न आणि आम्ल सरळ श्वासनळीत उतरतं. अशा 66 घटना मेंडेलसन यांना सापडल्या. त्यातल्या दोन बायका घन अन्नाने श्वासमार्ग बंद होऊन दगावल्या. ज्यांच्या फुप्फुसात नुसतं द्रव गेलं होतं त्यांना दम्यासारखी धाप लागली होती. असं का व्हावं हे पाहण्यासाठी मेंडेलसन यांनी सशांच्या फुप्फुसात एकदा आम्ल आणि एकदा आम्ल काढून टाकलेलं द्रव सोडून पाहिलं, आणि घात करतं ते जठरातलं आम्ल, हे दाखवून दिलं. गर्भारपणाच्या शेवटी हा धोका आणखी वाढतो, कारण वाढलेलं गर्भाशय जठराला वर ढकलतं आणि गर्भारपणातली संप्रेरकं अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतात. नवव्या महिन्यात छातीत जळजळ होते तीही याच कारणाने.

मेंडेलसन यांचा सल्ला असा होता: कळा सुरू असताना खाऊ घालू नका, जठरातलं आम्ल निष्प्रभ करा, आणि पूर्ण बेशुद्ध करण्याऐवजी शक्य तिथे तेवढ्याच भागाची भूल द्या. यातला तिसरा मुद्दा जगाने पुढे जवळजवळ पूर्ण स्वीकारला. आज आपल्याकडे बहुतेक सिझर पाठीच्या कण्यात सुई देऊन होतात. छातीच्या खालचा भाग बधिर होतो, बाई जागी असते, बाळाचा पहिला आवाज ऐकते, हवा असेल तर नर्सशी बोलते. खोकला शाबूत, गिळणं शाबूत. मूळ धोका ज्या बेशुद्धीतून येत होता ती बेशुद्धीच उरलेली नाही. शिवाय मेंडेलसन यांचा उपास शस्त्रक्रियेच्या आधीचा होता. बाळ बाहेर आल्यानंतर बाईला दिवसभर कोरडं ठेवा, असं त्यांच्या निष्कर्षातून निघत नाही. तो उपास पुढे सरकत सरकत शस्त्रक्रियेनंतरच्या तासांत शिरला, आणि तिथे त्याला दुसऱ्या एका भीतीची साथ मिळाली.

ती भीती आतड्याची. पोट उघडलं की आतडी काही काळ सुस्तावतात. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः आतडंच कापून शिवलं असेल तेव्हा, ती दोन-तीन दिवस हलत नाहीत, पोट फुगतं, उलट्या होतात. म्हणून जुन्या शल्यचिकित्सेचा नियम: पोटाला स्टेथोस्कोप लावा, गुडगुड ऐकू आली आणि खालून हवा सरली, की मगच पाणी. तो नियम सिझरलाही लावला गेला. पण सिझरमध्ये डॉक्टर काय करतात ते नीट पाहिलं तर या नियमाचा पाया डळमळतो. ओटीपोटावर आडवा छेद घेतात, थर बाजूला करतात, गर्भाशयाच्या खालच्या भागात छेद देतात, बाळ आणि वार काढतात आणि गर्भाशय शिवतात. आतड्याला टाका पडत नाही. फार तर ते थोडं बाजूला सरकवलेलं असतं. लहान आतडं काही तासांतच पुन्हा कामाला लागतं. सगळ्यात उशीर लागतो तो मोठ्या आतड्याला, आणि हवा सरते ती तिथून. म्हणजे हवा सरण्याची वाट पाहून पाणी देणं हे धूर दिसल्याशिवाय चूल पेटवायची नाही असं म्हणण्यासारखं झालं. घास पोटात गेला की जठराकडून मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा जातो. खाणं हाच हवा सरण्याचा एक उपाय आहे.

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात हा जुना नियम मुळातूनच तपासला. मोठ्या आतड्याचा तुकडा काढलेल्या रुग्णांनाही त्यांनी लवकर खायला दिलं, लवकर उठून चालवलं, वेदनेसाठी अफूवर्गीय औषधं कमी केली. रुग्ण आठ-दहा दिवसांऐवजी दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. आतडं कापलेल्या माणसाला जे चालतं ते आतड्याला हातही न लागलेल्या बाळंतिणीला का चालू नये? 2002 मध्ये कॉक्रेन संस्थेने सिझरनंतर लवकर आणि उशिरा खाऊ घालण्याची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. लवकर खाल्लेल्या बायकांचं आतडं लवकर चालू झालं, पोट फुगण्याचं प्रमाण कमी दिसलं, रुग्णालयातला मुक्कामही थोडा घटला. साध्या सिझरनंतर बाईला उपाशी ठेवण्याला आधार देईल असं काही हाती लागलं नाही. इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शिका याहून सोपं सांगते: सिझरनंतर बाई ठीक असेल आणि गुंतागुंत नसेल, तर भूक-तहान लागेल तेव्हा तिने खावं-प्यावं. शस्त्रक्रियेनंतर लवकर बरं करण्याच्या पद्धतीवर काम करणाऱ्या 'इरास' या आंतरराष्ट्रीय संस्थेची सिझरविषयीची 2019 ची शिफारस तर दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करण्याची आहे.

दोन तास वाचून आपल्याकडच्या आजीच्या भुवया उंचावतील. म्हणून प्रत्यक्षात हे कसं होतं ते सांगतो. बाई पूर्ण जागी आहे, बोलते आहे, नाडी-रक्तदाब ठीक आहे, रक्तस्राव आटोक्यात आहे, मळमळ नाही, आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, अशा वेळी उशाकडची बाजू थोडी वर करून आधी दोन-चार घोट पाणी. पंधरा-वीस मिनिटं बरी गेली की आणखी. मग चहा, ताक, नारळपाणी, भाताची पातळ पेज, जे तिला आवडेल ते. ते पचलं की मऊ वरण-भात, खिचडी, उपमा. संध्याकाळपर्यंत घरच्यासारखं साधं जेवण. एकदा उलटी झाली म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. कण्यातल्या भुलीने रक्तदाब उतरतो, गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून दिलेल्या काही औषधांनीही मळमळतं. अर्धा-एक तास थांबून पुन्हा घोटापासून सुरुवात करायची.

घाई करू नये अशाही बायका असतात, आणि त्यांच्याबाबत डॉक्टरांचा शब्द शेवटचा मानावा. पूर्ण भूल दिलेली बाई नीट जागी होईपर्यंत थांबावंच लागतं. फार रक्त गेलं असेल आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असेल, रक्तदाब वाढून झटक्यांच्या भीतीने मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, आधीच्या सिझरच्या चिकटलेल्या थरांमुळे आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा झाली असेल, तर वेळ बदलते. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ घालावा लागतो. या बायकांनाही थांबण्याचं कारण आणि अंदाजे वेळ सांगितली गेली पाहिजे. तहान लागलेल्या माणसाला "का" कळलं की तास थोडे सुसह्य होतात.

"सलाईन चालू आहे ना, मग पोटात काही गेलं नाही तरी काय बिघडतं?" हे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. जरा बाटली वाचून पाहू. साध्या सलाईनच्या लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं आणि ऊर्जा शून्य. 'रिंगर लॅक्टेट'मध्येही नावापुरतीच. 'पाच टक्के डेक्स्ट्रोज'च्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभरच्याही आत कॅलरी. ज्वारीच्या एका चांगल्या भाकरीच्या निम्म्यानेही नाही. सलाईन रक्तदाब सांभाळतं, औषध शिरेत पोचवतं, आणि ते काम मोलाचं आहे. पण ते जेवण नाही. त्याने ओठांचा आणि घशाचा कोरडेपणाही जात नाही.

इथपर्यंतचा उपास दवाखान्याचा. तो हळूहळू कमी होतो आहे, आणि त्याचं श्रेय नवीन शिकलेल्या भूलतज्ज्ञांना आणि नर्सना आहे. दुसरा उपास घरचा. तो सव्वा महिना चालतो आणि त्याला पथ्य म्हणतात.

"भात नको, टाके पिकतीन. तुरीचं वरण नको, वात होते. दही नको, संत्रं नको, थंड आहे. पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटते." ही यादी विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक सिझर झालेल्या मुलीने ऐकली आहे. सांगणाऱ्या बाईचं प्रेम खोटं नसतं. तिने आपल्या डोळ्यांनी पिकलेले टाके पाहिलेले असतात. पण टाके पिकतात ते जंतूंनी. आधीचा अशक्तपणा, ताब्यात नसलेला मधुमेह, लांबलेल्या कळा, फार आधी फुटलेली पाणमोट, लठ्ठपणा, ओली राहिलेली जखम ही त्याची नेहमीची कारणं. छेद घेण्याआधी दिलेलं अँटिबायोटिक आणि स्वच्छ हात हा त्यावरचा उतारा. भाताचा आणि जखमेच्या पुवाचा संबंध नाही. उलट जखम भरते ती प्रथिनांवर. नवी ऊती विणायला शरीराला प्रथिनं लागतात, क जीवनसत्त्व लागतं, जस्त लागतं. वरण, मूग, मटकी, अंडी, दूध, ताक, चालत असेल तर मासे-मटण, हे सगळं टाक्यांच्या बाजूने काम करतं. नागपूरच्या अंबिया आणि मृग बहाराची संत्री हंगामात गल्लोगल्ली हातगाडीवर असतात आणि बाळंतीण तेवढी त्यांच्यापासून लांब ठेवली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. संत्र्याने टाके भरायला मदत होते आणि जेवणातलं लोहही अंगी लागतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. त्यात सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जातं. अशा बाईला लोह नको म्हणणारं पथ्य परवडणारं नाही.

जुन्या शास्त्राचा हवाला देणाऱ्यांनी एकदा चरकसंहितेचं शारीरस्थान उघडावं. बाळंतिणीने भूक लागल्यावर तिला झेपेल इतकं पिंपळी, सुंठ वगैरेंनी युक्त तूप किंवा तेल घ्यावं, आणि ते पचलं की त्याच औषधांत शिजवलेली पातळ, स्निग्ध पेज बेताने प्यावी, असा तिथला क्रम आहे. पाच-सात दिवस हे चालवून मग हळूहळू आहार वाढवायचा. ही सांगणी साध्या बाळंतपणाची आहे, सिझरची नाही, आणि नुकत्याच टाके पडलेल्या बाईला तूप पाजावं असं मी सुचवत नाही. लक्षात घ्यावं ते एवढंच, की त्या सांगण्यात भुकेला विचारलं आहे आणि पेज आधीच्या दिवसांतच आहे. कोरडं ठेवणं ही आपली परंपरा नव्हेच.

परंपरेत चांगलं कितीतरी आहे. इतवारीच्या किराणा दुकानांत बाळंतपणाचं सामान मागितलं की दुकानदार न विचारता डिंक, खारीक, खसखस, अळीव, बाळंतशोपा, ओवा, सुंठ, गोडंबी, मेथ्या बांधून देतो. अळिवात लोह आहे, खारकेत चोथा आहे, तीळ-खसखशीत कॅल्शियम आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जादा लागतात. डिंकाचे दोन लाडू त्यातला मोठा वाटा उचलतात. अडचण येते ती लाडूच जेवण होतो तेव्हा. तूप, गूळ, डिंक भरपूर. भाजी नाही, डाळ नाही, पाणी नाही. त्यात वेदनाशामक ट्रामाडॉल, उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन, जोडीला लोहाच्या गोळ्या, आणि यातली प्रत्येक गोष्ट आतडं मंद करणारी. चौथ्या दिवशी ती बाई शौचाला जाऊन कुंथते आणि टाके तुटतील या भीतीने अर्ध्यावर परत येते. तिला कडक औषधापेक्षा आधी पाणी, पालेभाजी, पपई-पेरूसारखी फळं, सालासकटचे मूग आणि वॉर्डातल्या बोळातून चार फेऱ्या लागतात. पहिल्याच दिवशी कोणीतरी धरून उठवलं, तर आतडंही लवकर जागं होतं आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही कमी होतो.

पाण्याबद्दल मला थोडं कठोर बोलायचं आहे. नागपूरचा मे महिना पारा 45 अंशांपलीकडे नेतो. अशा दिवसांत खिडक्या बंद करून, डोक्याला रुमाल बांधून, पलंगाखाली शेगडी ठेवून बाळंतिणीला दिवसातून तीन-चार पेलेच पाणी देणारी घरं आजही आहेत. पोट सुटतं ते ताणलेले स्नायू पूर्ववत यायला वेळ लागतो म्हणून. पाण्याचा त्यात काही हात नाही. तिच्या अंगातून घाम जातो, दुधावाटे रोज अर्धा ते पाऊण लिटर पाणी जातं, मूत्रमार्गात नुकतीच नळी घातलेली होती आणि तिथे जंतुसंसर्गाची शक्यता असते. लघवी गडद पिवळी दिसू लागली की पाणी कमी पडतं आहे एवढं समजावं. गार पाण्याने बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूने होते. माठातलं स्वच्छ पाणी तिला तहानेप्रमाणे प्यायला मिळालं पाहिजे. तहानेपलीकडे लोटाभर पाणी जबरदस्तीने पाजलं तर दूध वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. दूध वाढतं बाळाला वारंवार अंगावर घेतल्याने.

आणि दुधाचा धागा पुन्हा पहिल्या तासांशी येऊन मिळतो. 2019-21 च्या पाहणीत जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं देशातलं प्रमाण 41.8 टक्केच होतं. सिझर झालेल्या आया यात मागे पडतात. "ती उपाशी आहे, तिला कुठलं दूध येणार," असं म्हणत बाळाला वरचं दूध, मध, साखरपाणी लावलं जातं. पहिल्या दिवशी बाळाचं जठर पाच-सात मिलिलिटरचं असतं आणि चिकाचे काही थेंब त्याला पुरतात. आईचा उपास चीक आटवत नाही. पण ग्लानी आलेली, घसा कोरडा पडलेली, उठवलं की गरगरणारी बाई बाळाला कुशीत कशी धरणार? तिला पेज पाजली, उशी नीट लावली, बाळ काखेच्या बाजूने, टाक्यांवर भार न पडता दिलं, तर तो पहिला तास हातचा जात नाही. मध मात्र वर्षभर बाळाच्या ओठांना लावू नये. त्यातल्या जंतूंच्या विषाने लहान बाळाला लकवा होऊ शकतो.

एक गमतीशीर वाटणारा उपाय जगभर तपासला गेला आहे, तो म्हणजे च्युइंगम. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 चाचण्यांमधल्या 3,149 बायका होत्या. सिझरनंतर दिवसातून काही वेळा च्युइंगम चघळणाऱ्यांची हवा सरासरी सात तास आधी सरली. चघळलं की लाळ सुटते, मेंदूकडून आतड्याकडे जाणारा मज्जातंतू जागा होतो, शरीराला जेवण चालू असल्यासारखं वाटतं. ज्यांना लवकर जेवण मिळतं त्यांना याची फारशी गरज उरत नाही. जेवणानंतर भाजलेली बाळंतशोपा आणि ओवा चघळण्याची आपली रीत मला यामुळे अधिकच आवडू लागली. विदर्भात मात्र इथे एक इशारा द्यावाच लागतो. चघळायचं म्हणून सुपारी नको, आणि खर्रा तर मुळीच नको. घरातल्या पुरुषांकडे पुडी असते, आणि काही बायकाही खातात. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं.

कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी 1921 मध्ये नागपुरात मातृ सेवा संघ उभा केला, तेव्हा बाळंतपणाची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली असे. कमलाबाई स्वतः बालविधवा, परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलेल्या. त्यांच्यासारख्या बायकांनी घरोघरच्या सासवांना समजावून बाळंतपण उजेडात आणलं. समजावण्याचं ते काम आजही वॉर्डातली नर्सच करू शकते, कारण ती सुनेशी आणि सासूशी दोघींशी बोलते. गॅस झाला का, एवढं विचारून ती पुढे गेली तर पथ्याला बळ मिळतं. "पाणी द्या, भूक लागली की पेज द्या, उलटी झाली किंवा पोट फुगलं तर मला हाक मारा," असं ती म्हणाली तर दवाखान्याचा उपास सुटतो आणि घरचाही सैल पडतो.

कुठल्या खुणांना हाक मारायची तेही घरच्यांना माहीत हवं. पुन्हापुन्हा, विशेषतः हिरवट उलट्या, ढोलासारखं ताणलेलं, दुखणारं पोट, दोन दिवस उलटूनही हवा न सरणं, ताप, जखमेतून पू किंवा घाण वास, नळी काढल्यावर सहा तासांत लघवी न होणं, एकाच पायाला सूज, धाप, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव. यापैकी काही दिसलं तर खाणं थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना दोन प्रश्न विचारा. ऑपरेशनच्या किती आधीपर्यंत पाणी चालेल? सर्वसाधारण नियम घन अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असा आहे. दुसरा प्रश्न: नंतर पहिला घोट केव्हा? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि वॉर्डात सोबत राहणाऱ्या बाईच्या हाती द्या. घरी गेल्यावर सहा महिने लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका.

सरकारी रुग्णालयात असाल तर आणखी एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. 1 जून 2011 पासून देशभर लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त आणि घरी सोडणारी गाडी जशी मोफत आहे, तसंच बाळंतिणीचं जेवणही मोफत आहे: साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस, सिझरनंतर सात दिवस. हे जेवण कुणाची मेहेरबानी नाही. वॉर्डात ताट आलं नाही तर सिस्टरकडे मागा, आणि आलं की ते बाळंतिणीनेच खाल्लं आहे ना, हे शेजारी बसून बघा.